निष्ठावंत चाहत्यास मानपत्र

रॉक बँडच्या चाहत्याइतका तत्त्वनिष्ठ प्राणी भूतलावर नाही. वीझर या बँडचा निळ्या मुखपृष्ठाचा पहिला अल्बम १९९४चा. १९९६ साली दुसरा, 'पिंकरटन', आला, खरखरीत, उघडावाघडा. रोलिंग स्टोन मासिकाच्या वाचकांनी तत्परतेनं त्याची वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत वर्णी लावली. न विचारता बदलतात म्हणजे काय! बँडनं निमूट ऐकलं आणि २००१ साली तिसरा अल्बम चांगला गुळगुळीत घोटून दिला. त्यावर रसिकांनी हंबरडा फोडला: याला 'पिंकरटन'ची सर नाही!

या न्यायबुद्धीस वंदन करून एक नम्र सूचना. यापुढे प्रत्येक बँडनं पहिल्यानंतर थेट तिसराच अल्बम काढावा. न निघालेला दुसरा किती थोर होता, हे चाहते सांगतीलच. मूळ प्रत त्यांच्याकडे असेलच.