लिंबू, मीठ, साखर आणि 20 टक्के

1965 साली फ्लोरिडा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाच्या एका प्रशिक्षकाने मूत्रपिंडाचे डॉक्टर रॉबर्ट केड यांना जरा अवघडच प्रश्न विचारला: पोरं उन्हात तासन् तास खेळतात, तरी त्यांना लघवी का होत नाही? पाणी आणि क्षार घामावाटे निघून जातात, हे केड यांनी ओळखलं आणि पाण्यात मीठ-साखर कालवली. चव इतकी भिकार झाली, की तोंडात धरवेना. तेव्हा केड यांच्या पत्नीने सुचवलं, लिंबू पिळून बघा. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दारी आलेल्या कुणाच्याही हातात पडणारं सरबत अमेरिकेत असं संशोधनाअंती सिद्ध झालं.

संघाचं नाव गेटर्स, म्हणून सरबताचं नाव गेटोरेड. केड यांनी ते आधी विद्यापीठापुढेच ठेवलं होतं, पण विद्यापीठाला त्यात रस वाटला नाही. मग त्यांनी एका डबाबंद खाद्यपदार्थांच्या कंपनीशी करार केला. बाटल्या खपू लागल्या, तशी विद्यापीठाची स्मरणशक्ती एकाएकी सुधारली. प्रयोगशाळा आमची, पगार आमचा, खेळाडू आमचे, म्हणजे घामही आमचाच! प्रकरण कोर्टात गेलं आणि तडजोडीत विद्यापीठाच्या पदरात रॉयल्टीचा 20 टक्के वाटा पडला. आजवर त्यातून 25 कोटी डॉलरहून अधिक जमा झाले आहेत.

पुढे कोर्टकचेरीची गरजच उरली नाही. 1980 च्या सुमारास अमेरिकी सरकारच्या कपाटात सुमारे 28,000 पेटंटं धूळ खात होती. त्यांतली 5 टक्केही उद्योगांनी वापरायला नेली नव्हती. 1980 च्याच बे-डोल कायद्याने कपाटाची किल्ली विद्यापीठांना दिली. शोध सरकारी पैशाने लागला असला तरी मालकी तुमची. विका, आणि संशोधकाला वाटा द्या. नाव बे-डोल, व्यवहार मात्र अगदी सुडौल: जनता एकदा कर भरताना पैसे मोजते आणि दुसऱ्यांदा दुकानात.

मग प्रत्येक विद्यापीठाने गल्ला मांडला. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी वेबपानांची क्रमवारी लावण्याची रीत काढली. तिचं पेटंट विद्यापीठाच्या नावे झालं आणि परवान्याच्या बदल्यात गूगलचे सुमारे 18 लाख समभाग मिळाले. 2005 पर्यंत ते विकून 33.6 कोटी डॉलर आले. ही कथा प्रत्येक कुलगुरूला तोंडपाठ असते. शोध विकण्यासाठी विद्यापीठांनी उघडलेल्या बहुतेक कार्यालयांना स्वतःचा खर्चही भरून काढता येत नाही, ही कथा मात्र भाषणात येत नाही.

गल्ला मांडला की माल लागतो. 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. मूळ गोव्याच्या माशेलचे रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेचे महासंचालक होते. गुडघा फुटल्यावर आजी काय करायची, याचे लेखी पुरावे त्यांच्या संस्थेला अमेरिकेत सादर करावे लागले: संस्कृत ग्रंथांपासून 1953 च्या वैद्यकीय निबंधापर्यंत 32 संदर्भ. 1997 मध्ये पेटंट रद्द झालं. आजीकडे पावती नव्हती, तरी जिंकली.

आपणही मागे नाही. बे-डोलच्या धर्तीवरचं विधेयक 2008 मध्ये राज्यसभेत आलं आणि 2014 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे गल्ला राहून गेला, पण गुणपत्रिका आली. केंद्राच्या संस्था-क्रमवारीत मंजूर पेटंटला गुण मिळतात आणि नुसत्या प्रसिद्ध झालेल्या अर्जालाही मिळतात. 2021 पासून शिक्षणसंस्थांना पेटंटच्या शुल्कात 80 टक्के सवलत आहे. तिकडे शोध विकतात, इकडे अर्ज पिकवतात.

प्राचार्यांच्या माहितीसाठी: अर्ज प्रसिद्ध होण्यासाठी शोध तपासून घ्यावा लागत नाही. 18 महिने थांबलं की तो आपोआप प्रसिद्ध होतो. क्रमवारीची तारीख जवळ आली असेल, तर लवकर प्रसिद्धीसाठी नमुना 9 भरावा.