टेबलावरची वर्तुळं

वारसाहक्कात कुणाला जमीन मिळते, कुणाला दागिने, कुणाला निदान मधुमेह. माझ्या वाट्याला बर्मा सागाचं डायनिंग टेबल आलं, वेताच्या खुर्च्यांसकट. वाडा विकायचा ठरला तेव्हा या टेबलावरून भावंडांत एक शब्दही वाकडा गेला नाही. गावात त्याचं कौतुक झालं, पण खरी गोष्ट अशी की टेप घेऊन मोजल्यावर प्रत्येकाच्या फ्लॅटचं दार टेबलापेक्षा लाजाळू निघालं. माझं दार तेवढं चार बोटं रुंद होतं, म्हणून वारस मी.

डायनिंग टेबल हे नाव मात्र त्याने नावापुरतंच वागवलं. आजोबांनी ते हौसेने करून घेतलं आणि आजीने शेवटपर्यंत पाट सोडला नाही. टेबलावर जेवायचं म्हणजे खरकटं उंचावर नेऊन ठेवायचं, असं तिचं स्वच्छ मत होतं. त्यामुळे त्या टेबलाने जेवणं सोडून सगळं पाहिलं. इस्त्री, शिवणयंत्र, गणपतीच्या मखराची कापाकापी, उन्हातून आत आणलेली सांडग्यांची ताटं, आणि परीक्षेच्या दिवसांत त्यावर डोकं टेकून झोपलेली एकेक पिढी. दिवाळीला कुणी साहेबी पाहुणा आला की फुलाफुलांचं प्लास्टिक निघायचं, पाहुणा टेबलाशी बसायचा आणि घरातले त्याच्याभोवती उभे राहून त्याला जेवताना पाहायचे. तो बिचारा दुसऱ्यांदा भात घ्यायला धजत नसे.

पॉलिशवाले मिस्त्री आले, त्यांनी टेबलावरून तळहात फिरवला आणि नाडी सापडल्यासारखे गप्प झाले. त्यांच्याबरोबरचा तरुण मुलगा म्हणाला, "काका, पीयू मारून टाकू. गरम पातेलं ठेवा, पाणी सांडा, टेन्शन नाही." मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. "लाखेचं काम आहे हे," ते म्हणाले.

लाखेची आपल्याकडे प्रतिमा फारशी बरी नाही. पांडवांना जाळायला जे घर बांधलं ते तिचंच. एरवी तिच्याइतका निरुपद्रवी पदार्थ नसेल. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक चिमुकला कीटक रस शोषत बसतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच करतो. ते खरवडून, धुऊन, वितळवून त्याचे पातळ पापुद्रे करतात. झारखंडातल्या रांचीजवळ १९२४ मध्ये या किड्याच्या अभ्यासासाठी एक आख्खी संस्था उभी राहिली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. म्हणजे आजोबा या टेबलावर ग्रामोफोन ठेवून बालगंधर्वांचं पद ऐकत तेव्हा वरती गाणारा आणि खाली चकाकणारा किडा एकच होता. फक्त वरच्याला टाळ्या मिळत.

मिस्त्रींनी चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजत घातली. सकाळी मलमलीत कापूस गुंडाळून एक गोळा केला, त्याला लाख पाजली, वर जवसाच्या तेलाचा थेंब दिला आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायला लागले. हात थांबू द्यायचा नाही. थांबला की कापड चिकटतं आणि तिथे कायमची खूण उठते. मी चहाचं विचारलं तर त्यांनी मान हलवली, हात नाही.

या लाखेची एक खोड मला फार आवडली. नवा थर जुन्यावर नुसता बसत नाही. स्पिरिटने जुना थोडा विरघळतो आणि दोघं एक होतात. पीयूला हे जमत नाही, ते आपलं वरच्या वर राहतं. पेल्यांची पांढरी वर्तुळंही लाखेतच अडकलेल्या ओलीची असतात. मिस्त्रींचा गोळा फिरला तशी ती एकेक करून विझली. कुणाकुणाचे चहा असतील ते. आजोबांच्या दौतीचा काळा डाग मात्र थेट सागात उतरलेला. "हा जायला लाकूड तासावं लागेल," मिस्त्री म्हणाले. मी राहू दे म्हटलं. ज्यावर डागच पडत नाही असं टेबल हॉटेलात ठीक.

टेबल एवढं लखलखीत झालं की मला त्याची ओळख पटेना. हे आजोबांच्या तरुणपणचं टेबल. आमची कधी भेट झालेली नव्हती.

मग आत्याचा फोन आला. आत्या गणिताची निवृत्त शिक्षिका, अर्ध्या तालुक्याला पाढ्यांवरून कान धरून उभं केलेलं. इकडचं तिकडचं झाल्यावर तिने हळूच विचारलं, "खालच्या बाजूलाही पॉलिश करतात का रे?" मी टेबलाखाली शिरून टॉर्च मारला. कोऱ्या सागावर पेन्सिलीने गिरवलेला एकोणतीसचा पाढा, खाली तिचं माहेरचं नाव. एकोणतीस साते दोनशे तेरा. तिथून पुढे दाहीपर्यंत प्रत्येक ओळीत दहा जास्त, अगदी प्रामाणिकपणे.

मी मिस्त्रींना विचारलं. ते गोळा डब्यात ठेवत म्हणाले, "खालून नाही करत आम्ही. तिथे कोण बघतंय?" मी आत्याला तेवढंच कळवलं. ती म्हणाली, मग जरा सँडपेपर तरी मार.