फुलटायमरला पगार किती?

राजकारणापायी नंदुरबार जिल्ह्यात यायचे रस्ते दोन. एक म्हणजे भलत्या पुढाऱ्याशी वाकडं घेणं. मग बदलीचा हुकूम निघतो, निरोपसमारंभात सहकारी उगाच डोळे पुसतात. पण अशा माणसाला निदान पगार असतो, आणि रुजू झाल्या दिवसापासून परतीची खटपट हे हक्काचं कामही असतं. दुसरा रस्ता स्वतःहून यायचा. मला कुतूहल आहे ते या दुसऱ्यांचं.

आमचं लोणखेडा शहाद्याला खेटूनच. 1971 साली पाटीलवाडीत जमीनदारांनी आदिवासींवर केलेल्या गोळीबाराने हा तालुका राज्यभर गाजला. आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांचं काम इथे आधीपासून होतंच. पुण्या-मुंबईची शिकलेली पोरं मागोमाग आली आणि 1972 मध्ये आदिवासी शेतमजुरांची श्रमिक संघटना उभी राहिली. त्यांतले कुमार शिराळकर तर मुंबईच्या आयआयटीचे इंजिनिअर. या मुलांच्या घरी काय प्रश्नोत्तरं झाली असतील, याची कल्पना करायला मला फार आवडतं. "काय करतोस?" "चळवळीत फुलटायमर आहे." "पगार?" "नाही." "मग पर्मनंट कधी करणार?"

इथे तरी त्यांना कोण कामावर ठेवणार? खान्देशात सालदाराचं, म्हणजे सालाने ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सुरू होतं. बैल पारखावा तसा घरधनी माणूस पारखतो. त्या पारखीत डिग्रीवाले पहिल्याच नजरेत बाद झाले असते. शिवाय भांडण सालदाराच्या पगारासाठीच करायचं होतं, म्हणजे मालकाकडून शिफारसपत्रही नाही.

तरी एक काम मिळालंच असणार, कारण ते इथे कधीच संपत नाही: अर्ज लिहिणं. कार्बन घालून दोन प्रती, खाली अंगठ्याचा निळा ठसा, शाई पुसायला धोतराचं टोक. जमीन सुटली नाही, मजुरी बुडाली, तलाठी भेटत नाही. मजकूर बदलतो, 'महोदय' तेवढा कायम.

त्याच काळात दुष्काळातून सरकारची रोजगार हमी योजना आली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. आता गंमत बघा: गावोगाव फिरून लोकांना कामाची मागणी करायला लावणाऱ्या कार्यकर्त्याच्या स्वतःच्या रोजगाराची हमी मात्र कुठल्याच कायद्यात नव्हती. भाकरी ज्याच्या घरी मिळेल, तेच त्याचं ट्रेझरी ऑफिस.

बाहेरून इकडे येऊन माणसं कामाला लागली. इथली माणसं मात्र कामासाठी बाहेरच जातात. दिवाळी झाली की धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत निघतात, चुलीची भांडी आणि पोरंबाळं गाडीत घालून. लोणखेड्याच्या कॉलेजातून बाहेर पडलेले सुरत-पुण्याची गाडी धरतात. त्यांच्या जाण्याला कुणी चळवळ म्हणत नाही.

रोजगार हमीचा कायदा अजून आहे. कामाची मागणी केलीत तर पंधरा दिवसांत काम मिळायला हवं, नाहीतर बेकारी भत्ता. तेव्हा मागणी लेखीच करा, आणि तारीख घातलेली पोच हातात पडल्याशिवाय ऑफिसातून हलू नका.