युरोपची रंगीत तालीम

शहापूर-मुरबाडकडून सहकुटुंब, स्वतः गाडी हाकत युरोप पाहायचे बेत कुणी आखत असेल, तर आमचा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. स्वित्झर्लंडात 40 फ्रँकची पट्टी काचेला डकवली की वर्षभर महामार्ग मोकळे. सरावाची तर चिंताच नको. भर पावसात, दरडींवर डोळा ठेवून माळशेज घाट उतरलेल्या माणसाला आल्प्सचं काय अप्रूप!

जर्मन ऑटोबानची हौसही शासनाने घरबसल्या भागवली आहे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा शेवटचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला, तोही शहापूर तालुक्यातून. वर दुचाकीला बंदी आहे; तेव्हा ज्याची जमीन रस्त्यात गेली, त्याने आपली फटफटी खाली लावून तो डोळे भरून पाहावा. प्रेक्षणीय स्थळ लांबूनच शोभतं.

एका बाबतीत मात्र युरोप अगदीच मागास. कार्बनमुक्त व्हायला ते 2050 साल उजाडायची वाट पाहत आहेत. आमच्या रस्ता नसलेल्या पाड्यांनी ते केव्हाच साधलं. अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं तर एक बांबू, एक झोळी आणि गावातले खांदेकरी. धूर नाही, टोल नाही. ब्रुसेल्सहून एखादं अभ्यास-शिष्टमंडळ बोलवायला काहीच हरकत नाही. पाहुण्यांनी आपापलं वजन तेवढं आधी कळवावं. खांदेकरी ठरवायला बरं पडतं.