खुलासेकर

प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत एक खुलासेकर असतो. खरं आडनाव वेगळंच असतं, पण ते फक्त एचआरला माहीत. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातले खुलासेकर पन्नाशीला टेकलेले टेक्निकल रायटर, म्हणजे मॅन्युअल लिहिणारे. मॅन्युअल कुणी वाचत नाही हे त्यांनाही ठाऊक. तरी परिशिष्टातला एखादा स्वल्पविराम हलला की नवी आवृत्ती काढून सगळ्यांना मेल करत. मेलही कुणी वाचत नसे.

त्यांना काम सांगायची सोय नाही. "अहो, येताना दूध आणा," एवढ्याशा वाक्यात त्यांना तीन भगदाडं दिसतात: किती, कुठलं आणि नसेल तर काय? "नसेल तर म्हैस आणा," हे उत्तर घरून कधीच मिळून चुकलंय.

अशा माणसाचे ग्रह फिरले ते नोव्हेंबर २०२४ नंतर. अँथ्रॉपिकनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, खुला केला आणि जो तो आपापल्या सॉफ्टवेअरला एआय एजंट जोडायला धावला. आमचं सॉफ्टवेअर टास्क मॅनेजमेंटचं. एजंटला नुसतं म्हणायचं, 'हे काम टेस्टिंगवाल्यांना दे, शुक्रवारची तारीख टाक', की त्यानं योग्य टूल निवडून ते उरकायचं. त्यासाठी प्रत्येक टूलचं वर्णन लिहावं लागतं. आमच्या पोरांनी ते लिहूनही टाकलं होतं. अपडेट टास्क: 'टास्क अपडेट करतं.'

खुलासेकरांनी ते मोठ्यांदा वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

"कुठला टास्क? नाव द्यायचं की आयडी? नुसती तारीख पाठवली तर बाकीची माहिती तशीच राहते की पुसली जाते?"

"सर, ते कोडमध्ये आहे ना."

"कोड त्याला दिसत नाही रे बाळा. त्याला दिसतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची यादी. तेवढ्यावर त्या बिचाऱ्यानं संसार करायचा!"

त्या दिवसापासून सगळी वर्णनं त्यांच्याकडे आली. माणूस दहा वर्षांनी तरुण झाला. इतर कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या भानगडी ते आता कुणाच्या घरातलं गुपित सांगावं तशा आवाजात सांगतात. "टोडोइस्टमध्ये स्क्रीनवर पी-१ म्हणजे सगळ्यात तातडीचं, बरोबर? एपीआयमध्ये तेच ४! आणि १ म्हणजे निवांत. हे वर्णनात नसलं तर एजंट बापडा आग लागलेलं काम तळाला टाकणार." जिराबद्दल त्यांना विशेष प्रेम. तिथे टास्कचं स्टेटस थेट बदलता येत नाही. आधी कुठली ट्रान्झिशन्स उपलब्ध आहेत ते विचारायचं, त्यातल्या एकाचा आयडी घ्यायचा, मग बदल. "फेरफार झाल्याशिवाय सातबारावर नाव चढतं का?" असं म्हणून ते हसतात. समोरचा पोरगा बंगळुरूचा असतो. तोही हसतो.

त्यांचा आवडता परिच्छेद मात्र 'हे टूल केव्हा वापरू नये' हा. 'जुने टास्क आवर' म्हटल्यावर आर्काइव्ह करायचं, डिलीट नाही. आर्काइव्ह केलेलं परत आणता येतं, डिलीट केलेलं गेलंच. एरवी सौम्य असलेला हा माणूस डिलीटचं वर्णन विजेच्या खांबावरच्या पाटीच्या थाटात लिहितो.

मधल्या काळात ते यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, राहायला गेले. भारतीय वेळ साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्या पहाटे साडेपाचच्या आत टाकलेली डेडलाइन तिकडे आदल्या दिवशी पडते. 'तारीख वर्ष-महिना-दिवस अशी, वेळ टाइमझोनसकट' हे वाक्य त्यांनी जिथेतिथे बसवलं. घरी पाचचा गजर झाला की, "अजून कालच चालू आहे," म्हणून कूस बदलू लागले.

एकदाच रडकुंडीला आले. ही सगळी वर्णनं एजंटच्या डोक्यात दर वेळी नव्यानं भरावी लागतात, त्याचे टोकन जातात, टोकनचे पैसे पडतात. तेव्हा आवरतं घ्या, असा निरोप वरून आला. खुलासेकरांनी आधी 'कृपया' काढलं. मग 'सामान्यतः' गेलं. शेवटी 'सर्च टास्क' आणि 'लिस्ट टास्क' या दोन टूल्समध्ये एजंट सारखा घोटाळतो, हे दाखवून त्यांनी एक टूलच रद्द करवलं. ज्या पोरानं ते लिहिलं होतं, त्यानं दोन दिवस त्यांच्याबरोबर चहा घेतला नाही.

पण खरी मौज लॉग उघडल्यावर. 'रिपोर्ट पाठव' या नावाचे दोन टास्क होते आणि मनानं एक न निवडता एजंटनं विचारलं होतं, 'यातला कुठला?' खुलासेकरांनी निम्मं ऑफिस गोळा केलं. "बघा! मी लिहिलं होतं! नाव जुळणारे एकाहून जास्त निघाले तर विचार, म्हणून. वाचलंय त्यानं. शेवटपर्यंत वाचलंय!" एवढ्या नोकरीत त्यांना लाभलेला हा पहिला वाचक. तो माणूस नाही, ही तक्रार त्यांची तरी नाही. माणसांचा अनुभव त्यांनी घेतलाय.

परवा मॅनेजरचा मेसेज आला: 'खुलासेकर, ते क्लायंटचं जरा बघून घ्या.' खुलासेकरांनी चार प्रश्न पाठवले. कुठला क्लायंट, काय बघायचं, कधीपर्यंत, आणि बघून झाल्यावर कुणाला सांगायचं. "तुमच्यापेक्षा तो एजंट परवडला," म्हणत मॅनेजरनं वैतागून तेच वाक्य एजंटला टाकलं.

एजंटनं पाच प्रश्न विचारले.