कच्च्या मडक्यांसाठी सूचना

सदर मार्गदर्शन धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः तेर परिसरात, माळकरी घरात नव्याने नांदायला आलेल्या मुलींसाठी आहे. नवऱ्यांनी वाचायला हरकत नाही. पण त्यांना हे सगळं लहानपणापासून माहीत असतं आणि ऐन वेळी त्यातलं काहीच आठवत नाही, असा माझा दीड वर्षाचा अनुभव आहे. माझी पात्रता विचाराल तर एवढीच, की माहेर सोलापूरचं, रविवारी मटण आणि बुधवारी अंडी हे वेळापत्रक निष्ठेनं पाळणारं. आणि सासर तेरचं, तीन पिढ्यांचं माळकरी.

आधी आपण कुठे आलो आहोत ते समजून घ्यावं. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी इथलं सुती कापड भडोचच्या बंदरातून परदेशी जायचं, असं एका ग्रीक खलाशानं लिहून ठेवलंय. आता साडीला मॅचिंग ब्लाऊजपीस हवा असेल तर धाराशिव गाठावं लागतं. ते असो. गावात कुणी तगर म्हणत नाही. गाव गोरोबाकाकांचं. संत गोरा कुंभार 1317 साली चैत्र वद्य त्रयोदशीला इथे समाधिस्थ झाले आणि तेव्हापासून गावातल्या प्रत्येकाचे ते सख्खे काका आहेत.

काकांची थापटण्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं कोपऱ्यातलं थापटणं बघून विचारलं, हे काय? काका म्हणाले, मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं. मग आमचीही मडकी बघा, म्हटल्यावर काकांनी एकेकाच्या डोक्यावर ते थापटलं. सगळे गप्प राहिले, नामदेव तेवढे चिडले. निकाल जागेवर लागला: हे मडकं कच्चं. तर नव्या नवरीला बघायला येणारी प्रत्येक बाई पदराआड एक थापटणं घेऊनच येते, हे लक्षात ठेवा. "भाकरी थापता येती का?" हा पहिला ठोका. "हरिपाठ पाठ हाय का?" हा दुसरा. तिसरा ठोका थेट पोटाकडे बघून मारला जातो आणि त्याला शब्द लागत नाहीत. तिन्ही वेळा खाली मान घालून चहा पुढे करावा. नामदेवांनी हीच चूक केली. त्यांच्या हातात चहा नव्हता.

काकांची दुसरी गोष्ट मात्र जपून ऐकावी. भजनात रंगून चिखल तुडवताना त्यांचं तान्हं मूल पायाखाली गेलं. पुढे बायकोनं विठ्ठलाची शपथ घातली, मला हात लावायचा नाही. काकांनी शपथ पाळली. मग सासऱ्यानं धाकटी मुलगीही त्यांनाच दिली आणि बजावलं, दोघींना सारखं वागवा. काकांनी तेही पाळलं. सारखं म्हणजे अगदी सारखं. ही गोष्ट लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात चुलतसासरे नव्या जोडप्याला समोर बसवून सांगतात. त्या वेळी नवऱ्याकडे न बघता भुईमुगाच्या शेंगा फोडत राहावं. शेंगा नसल्या तर मागवून घ्याव्यात.

संबोधनं सोपी आहेत. सासूबाई म्हणजे आत्या, सासरे म्हणजे मामा, बाकी यच्चयावत जग म्हणजे माउली. दूधवाला माउली, एसटीचा कंडक्टर माउली, गॅस सिलिंडर आणणारा पोरगाही माउली. नवऱ्याला काय म्हणायचं, याबाबत मात्र संप्रदाय गप्प आहे. मी "अहो" म्हणते आणि घरातले चार पुरुष एकदम वळून बघतात.

आता एकादशी. हा खरा अभ्यासाचा विषय. वर्षाला 24, अधिक महिना आला की 26. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून मी पहाटे उठले, भगर धुतली, शेंगदाण्याची आमटी केली, रताळी उकडली आणि विजयी मुद्रेनं पानं वाढली. आत्यांनी ताटाकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे, मग माझ्याकडे. "आगं, आजची स्मार्ताची. आपली भागवत. आपली उद्या हाय." त्या दिवशी सगळ्या घरानं विनाकारण उपास केला आणि दुसऱ्या दिवशी सकारण. मामा आनंदात होते. कधी कधी दोन एकादश्या लागोपाठ छापलेल्या असतात, त्यातली आपली कोणती, हे लग्न ठरवतानाच, देण्याघेण्याच्या आधी, विचारून घ्यावं.

बारस सोडायची म्हणजे द्वादशीला सकाळीच स्वयंपाक तयार हवा. घड्याळात चारचा गजर लावावा आणि तो वाजायच्या आत उठावं, कारण गजर वाजला तर आत्यांना कळतं की तुम्हाला गजर लागतो. एका एकादशीला हळदीकुंकवात बायकांनी नाव घ्यायचा आग्रह धरला. सकाळपासून साबुदाण्यावर होते, तोंडून निघून गेलं:

चंद्रभागेच्या वाळवंटी टाळ-मृदंगाची साथ,
…रावांचं नाव घेते, उद्या तरी होऊ द्या भात.

बायका हसल्या. आत्याही हसल्या, पण पदरात.

मन फारच खचलं तर जगाकडे बघावं. आमच्या ह्यांचा एक मित्र नोकरीसाठी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला आहे. तिथे मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाची वस्ती मोठी. मित्राच्या शेजारी असंच एक नवं जोडपं राहतं, त्याचं वर्णन तो फोनवर करतो आणि मी स्पीकर लावून भाकरी थापत ऐकते. 1833 पासूनच्या त्यांच्या नियमाप्रमाणे दारू, तंबाखू वर्ज्य, ते आपलंच. मिळकतीचा दहावा हिस्सा देवळाला. पोरगा अठराचा झाला की दोन वर्षं धर्मप्रचाराला, घरदार सोडून. आपली आषाढी वारी तीनेक आठवड्यांत उरकते. कणगीत वर्षाचं धान्य भरून ठेवायची शिकवणही आहे म्हणे. आत्यांनी मान डोलावली, बाई शहाणी दिसते म्हणाल्या. उपास महिन्यातून एकच, पहिल्या रविवारी. इथपर्यंत मला हेवा वाटत होता. मग मित्र म्हणाला, चहा-कॉफीसुद्धा चालत नाही. तव्यावरची भाकरी करपली. चहा वर्ज्य असता तर आमच्या दिंड्या दिवेघाटाच्या पायथ्याशीच बसून राहिल्या असत्या. त्या अनोळखी सुनेविषयी माझ्या मनात तेव्हापासून फार माया आहे.

तुळजापूरला जोडीनं जावंच लागतं. कुलस्वामिनी तुळजाभवानी, तिच्या गोंधळाशिवाय लग्न पुरं होत नाही. इथे एक घरगुती तिढा आहे. भावकीतल्या अर्ध्या घरांत देवीला बोकडाचा मान, आणि आपल्या घरात गळ्यात तुळशीची माळ. म्हणून आमच्याकडून देवीला पुरणपोळी जाते. देवीनं कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. तक्रार भावकी करते. देवळाच्या आवारात चिंतामणी नावाचा गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून हात ठेवायचा. उजवीकडे फिरला तर होय, डावीकडे फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर काम होईल पण उशिरानं. आजेसासूंनी प्रश्न धरला. कोणता, ते सांगायला नको. दगड हलला नाही. आजी सगळ्या परतीच्या वाटेवर माझ्या हातावर हात ठेवून बसल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या दगडाला मनोमन दंडवत घातला.

एकांताविषयी दोन शब्द. हरिपाठ रोज संध्याकाळी. त्याचे सत्तावीस-अठ्ठावीस अभंग म्हणून होईपर्यंत हे धाराशिवहून ड्युटी करून येतात, हातपाय धुऊन मागे बसतात, आणि डोळे मिटून टाळ वाजवता वाजवता झोपतात. टाळ चुकत नाही, हे नोंदवलं पाहिजे. मग जेवणं, मग मामांचा कीर्तनाचा व्हिडिओ, मोठ्या आवाजात. त्यातही गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की वीणा सात दिवस खाली ठेवता येत नाही. पाळीपाळीनं पहारा. नव्या नवरदेवाला कोणता पहारा मिळतो? रात्री दोन ते चार. मंडपातले म्हातारे हा निर्णय फार गंभीर चेहऱ्यानं घेतात आणि मग एकमेकांकडे बघत तंबाखू मळतात. यावर उपाय आहे. थर्मासमध्ये चहा भरावा, आजेसासूंना सोबत घ्यावं आणि "पहारेकऱ्यांना चहा द्यायला" मंडपात जावं. आजी खांबाला टेकून पेंगतात. हे गळ्यात वीणा अडकवून उभे, तोंडानं रामकृष्णहरी. मी कप धरायचा आणि त्यांनी दोन नामांच्या मध्ये घोट घ्यायचा. लग्नानंतर आम्ही सर्वांत जास्त वेळ एकमेकांसमोर उभे राहिलो ते त्या सात रात्रींत.

आखाडात नवी सून माहेरी पाठवतात. इथे सगळ्यांत मोठा धोका आहे. सासर वारीच्या तयारीत, आणि माहेरी आखाड म्हणजे श्रावण लागायच्या आत जेवढं खाता येईल तेवढं. आईनं मुद्दाम काळ्या मसाल्याचा रस्सा केला होता. माझ्या गळ्यात तेव्हा माळ नव्हती. कुणी घाल म्हणालंही नव्हतं. निघताना आत्या एवढंच म्हणाल्या होत्या, "खाऊन ये पोटभर. तुझं माहेर हाय." सूचना अशी, की सासू असं बोलली तर सावध व्हावं. सक्ती केली असती तर मी दोन वाट्या जास्त ओरपल्या असत्या. पहिला घास घेतला, चव तीच होती, आणि हात आपोआप ताटातल्या शेंगाचटणीकडे गेला. आईनं विचारलं, "त्यांनी बजावलंय का?" नाही म्हटलं तर तिला खरं वाटेना. तिनं माझ्या डोक्यावर एक टपली मारली. मी गप्प राहिले.

कार्तिकीला पंढरपुरात माळ घातली. विधी पाच मिनिटांचा, त्याला मार्गदर्शन लागत नाही. ते लागतं घरी परतल्यावर. अंगणात मामा उभे होते. मी नेहमीप्रमाणे पाया पडायला वाकणार, तोच सत्तरीतला तो माणूस टोपी सावरत माझ्याच पायांवर वाकला. माळकऱ्यानं माळकऱ्याला भेटताना असंच करायचं असतं, लहान-मोठं बघायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घाबरून मीही झटकन खाली वाकले आणि अर्ध्या वाटेत आमची डोकी एकमेकांवर आपटली. टक्क.

आत्यांनी आतून विचारलं, "काय फुटलं गं?"

"काय न्हाई," मामा डोकं चोळत म्हणाले, "चहा टाक."