रिअ‍ॅक्ट की अँग्युलर?

कॉलेज रोडवर चहा घेताना सहज म्हणून बघा, "वेबसाइट बनवायला शिकतोय." शेजारच्या टेबलावरचा पोरगा लगेच मान वर करतो, "काका, रिअ‍ॅक्ट की अँग्युलर?" आपल्याला अजून अक्षरांचा रंग बदलता येत नसतो, पण फ्रेमवर्कचा पक्ष आधी निवडावा लागतो. मी व्ह्यू म्हणालो. त्याने मला अपक्षांत जमा केलं.

माझी गुरू म्हणजे पुतणी. तिच्याकडून कळलं की जावास्क्रिप्ट या भाषेचा पहिला अवतार ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये १० दिवसांत उभा केला. आमच्या सोसायटीत गेटच्या रंगाचा ठरावही इतक्यात होत नाही. घाईच्या खुणा मात्र त्या भाषेत दिसतात. अवतरणचिन्हातल्या ५ मधून ३ वजा केले तर २ उरतात. त्याच ५ मध्ये ३ मिळवले तर होतात ५३! "अधिकचं चिन्ह अक्षरं चिकटवतंसुद्धा," ती शांतपणे म्हणाली. जन्मभर बँकेत हिशेब जुळवलेल्या माणसाला हे असं ऐकवू नये.

एकदा पिंपळगाव बसवंतहून चुलतभाऊ, आमचा दादा, आला. द्राक्षबागायतदार. त्याला एक पान हवं होतं: बागेचा फोटो, मालाची जात आणि फोन नंबर. पुतणीने एक आज्ञा टाइप केली आणि फोल्डरात फाइलींचा पूर लोटला.

"पोरी, एका पानाला एवढं?"

"दुसऱ्यांनी लिहिलेलं असतं काका, आपण नुसतं वापरायचं." मग तिने लेफ्ट-पॅडची गोष्ट सांगितली. मार्च २०१६ मध्ये एकाने वादावादीनंतर आपला ११ ओळींचा तुकडा काढून घेतला आणि जगभर भल्याभल्यांची कामं अडली.

"मग त्याची समजूत कुणी काढली?"

"कुणीच नाही. तो तुकडा परस्पर परत ठेवला."

"म्हंजे राजकारण इथंबी हाय," दादा खुशीत म्हणाला.

अँग्युलरची कथा त्याला फारच जवळची वाटली. गूगलने २०१० मध्ये ते आणलं, २०१६ मध्ये मुळापासून नवं लिहिलं, आणि जुन्यात केलेलं काम नव्यात जसंच्या तसं चालेना.

"खरड छाटणी," दादा म्हणाला. एप्रिलात डोळा-दोन डोळे राखून जुनी काडी सगळी कापायची, की नवी फुटते. "पण ऑक्टोबरात आमची गोडी छाटणी असती, मग घड लागतात. तुमच्यात गोडी कधी येती? का दरसाल नुसतीच खरड?"

पुतणी पहिल्यांदाच गप्प बसली. रिअ‍ॅक्ट, व्ह्यू सगळं बाजूला ठेवून मी साध्या एचटीएमएलमध्ये पान लिहिलं. फोटो मधोमध आणण्यात दुपार गेली. तो वर जाई, खाली जाई, मध्ये थांबेना. शेवटी थांबला.

"यात फ्रेमवर्क काहीच नाहीये हं, काका," पुतणीने बजावलं.

"असू दे, गावरान हाय," दादा म्हणाला. "फक्त तेवढा फोन नंबर मोठा कर."